रियाधच्या बिझनेस समिटला जावं का? अनुभवी लोकांनी सांगा

झडपकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. आमचा वॉल्वचा छोटा कारखाना आहे, गेट वॉल्व आणि बॉल वॉल्व, माणसं मोजून बेचाळीस. आजवर सगळा माल देशातच गेला. आता आमच्या संघटनेचं एक डेलिगेशन दिवाळी झाली की रियाधला चाललंय, तिथं तीन दिवसांची मोठी आंतरराष्ट्रीय समिट आहे. ब्रोशरमध्ये मंत्री आहेत, फंडवाले आहेत, एआय आहे, वॉल्व हा शब्द मात्र कुठं सापडला नाही. फी, विमान, हॉटेल धरून आकडा असा होतोय की तेवढ्यात एक बरी सेकंडहँड लेथ येईल. बायको म्हणते लेथ घ्या. मुलगा म्हणतो बाबा जग कुठं चाललंय ते एकदा बघून या. माझं सौदीचं ज्ञान म्हणजे शेजारचे काका नव्वदच्या आसपास तिकडं वेल्डर होते आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी. तर प्रश्न दोन. असल्या समिटमधून आमच्यासारख्याच्या हाती काही लागतं का? आणि तिकडं खरंच एवढं बदललंय का, की सगळं जाहिरातीतच?

टवाळ
लेथ घ्या. लेथ 'इन्शाल्ला' म्हणत नाही.

वाळूतला उंट
मी 1999 पासून रियाधात, मधली दोन वर्षं सोडून. काकांनी सांगितलेलं सगळं खरं आहे आणि त्यातलं बरंचसं आता उरलेलं नाही. बांग झाली की दुकानांची शटर खाली, आत अडकलात तर आत बसा, बाहेर राहिलात तर उन्हात उभे. जेवणाच्या हॉटेलला दारं दोन, एक 'सिंगल्स' आणि एक 'फॅमिली'. सिनेमा बघायचा तर पूल ओलांडून बहारीनला जायचं, शुक्रवारची गर्दी बघवायची नाही. 2013 मध्ये आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार केली तेव्हा आम्हाला वाटलं बापरे केवढा हा बदल. मग 2016 मध्ये व्हिजन 2030, म्हणजे सरकारचा सुधारणांचा आराखडा, आलं आणि एकामागून एक सुरूच झालं. त्याच वर्षी मुतव्वांचे, म्हणजे धर्मपोलिसांचे, अटकेचे अधिकार गेले. 2018 च्या एप्रिलात थिएटर उघडलं, जूनमध्ये बायका गाडी चालवायला लागल्या, 2019 ला टुरिस्ट व्हिसा आला आणि हॉटेलांची दोन दारांची सक्ती गेली, 2021 पासून नमाजाच्या वेळी दुकानं उघडी ठेवायला परवानगी. आमच्या ऑफिसात बायकांचं टॉयलेटच नव्हतं कारण बाईच नव्हती. आज माझी बॉस एकतीस वर्षांची सौदी मुलगी आहे, मला सगळ्यांसमोर 'अंकल' म्हणते. तेवढं सोडलं तर उत्तम बॉस.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. पहिल्याचं मला नाही देता येणार, मी नोकरदार माणूस.

बायोमेट्रिक
वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

खडूस
उंटराव, रंगवून छान सांगितलंत. आता रंगाखालचं मी सांगतो. 2017 च्या ऑक्टोबरात रियाधला अशीच समिट भरली होती. सोफिया नावाच्या रोबोला स्टेजवर नागरिकत्व दिलं, टाळ्या वाजल्या. त्या दिवशी तिथल्या बाईला गाडीचं स्टिअरिंग धरायची मुभा नव्हती पण रोबोबाई नागरिक. काही दिवसांनी तिथल्याच आलिशान हॉटेलात राजपुत्र, मंत्री आणि शेठजी कोंडून ठेवले, कारण सांगितलं भ्रष्टाचार. पुढच्या वर्षी इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात पत्रकार खशोगीचा खून झाला तेव्हा बऱ्याच बड्या पाहुण्यांनी समिटला दांडी मारली आणि वर्षभरात हळूच परत येऊन पहिल्या रांगेत बसले. गाडीबंदी उठायच्या आधी महिनाभर, मे 2018 मध्ये, त्याच हक्कासाठी भांडलेल्या बायकांना उचललं. त्यातली लुजैन अल-हथलूल फेब्रुवारी 2021 ला सुटली. हक्क दिला पण मागितला म्हणून दिला असं दिसता कामा नये, असा तो बदल आहे. झडपकरांनी जावं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण निदान डोळे उघडे ठेवून जावं.

टवाळ
खडूसभाऊ, माणूस वॉल्व विकायला चाललाय हो, क्रांती करायला नाही.

खडूस
वॉल्वचं कामच दाब सांभाळणं. विषयाला धरूनच बोलतोय.

कावेरी
=)) खडूस यांना या वाक्यासाठी एक चहा माझ्याकडून.

समिटला मी दोनदा गेलेय, 2019 ला आणि गेल्या वर्षी, दोन्ही वेळा कन्सल्टिंगच्या कामासाठी. पहिल्या वेळी मैत्रिणीचा अबाया (तो अंगभर झगा) नेला होता, दोन साइझ मोठा, एस्कलेटरवर अडकून आपटायचीच बाकी होते. परदेशी बायकांना सक्ती नव्हती, अंग झाकलेले साधे कपडे चालायचे, पण कुणाला काय माहीत असतं आपण आपलं सावध राहतो. गेल्या वर्षी मी लांब कुर्ता आणि ब्लेझर घालून फिरले, कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

खडूस म्हणतात ते सगळं घडलंय, त्यात वाद नाही. पण मला आठवते ती रजिस्ट्रेशन काउंटरवरची मुलगी. नकाब, खाली पांढरे स्नीकर्स, हातात स्कॅनर, आणि एका जर्मन गृहस्थाला ती शांतपणे चौथ्यांदा सांगतेय की सर तुमचा बॅज या दाराचा नाही. रांग होती म्हणून जरा बोललो. म्हणाली 2019 च्या ऑगस्टात नियम बदलला, एकवीस वर्षांवरच्या बाईला वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळायला लागला आणि तिनं पहिल्याच आठवड्यात अर्ज केला. कुठं जायचं होतं विचारलं तर म्हणाली कुठंच नाही, पासपोर्ट हवा होता. आता हा बदल वरून आलाय की खालून ते मी तिला विचारत बसले नाही.

आता कामाचं. झडपकर, स्टेजवरचं सगळं थेट प्रक्षेपित होतं, घरी मोबाईलवर बघा, त्यासाठी पैसे घालवू नका. समिटचं एक अॅप असतं, त्यात भेटीच्या विनंत्या पाठवायच्या. मी साठ पाठवल्या. नऊ उत्तरं आली, चारांनी वेळ दिली, दोघं आले, त्यातला एक आपल्याकडचाच होता आणि मला स्वतःची सर्व्हिस विकायला आला होता. पण कॉफीच्या रांगेत एक बाई भेटल्या त्यातून आठ महिन्यांनी काम मिळालं. आठ महिन्यांनी! आणि मधल्या काळात मी पदरचे पैसे घालून पुन्हा एकदा जाऊन आले होते. पहिल्या भेटीत ते लोक तुमची कंपनी बघत नाहीत, तुम्ही परत येता का ते बघतात.

हिशेबनीस
थांबा थांबा, मूळ मुद्दा सगळ्यांचाच निसटतोय. ही इन्व्हेस्टमेंट समिट आहे ना? मग ती त्यांच्या विक्रीची जागा आहे, तुमच्या नाही. तुम्ही माल विकायला चाललात, त्यांना तुमचा माल नकोय, त्यांना तुमचा कारखाना तिकडं हवाय. आख्ख्या ब्रोशरचा अर्थ एवढाच. 1 जानेवारी 2024 पासून नियमच आहे, ज्या परदेशी कंपनीचं विभागीय मुख्यालय सौदीत नाही तिला सरकारी कंत्राटं जवळजवळ बंद, काही अपवाद सोडून. आरामकोचा, म्हणजे तिकडच्या सरकारी तेल कंपनीचा, इक्तवा नावाचा कार्यक्रम 2015 पासून चालू आहे, पुरवठादारानं खर्चातला किती हिस्सा देशातच केला त्यावर गुण, आणि सुरुवातीचं लक्ष्य 70 टक्क्यांचं. वॉल्व तर त्यात पुढच्याच रांगेत असणार. म्हणजे स्टेजवर तुम्हाला जे सांगतील त्याचं मराठी भाषांतर 'इकडंच या आणि इकडंच बनवा'. बेचाळीस माणसांच्या कारखान्यानं याचा विचार जाण्याआधी करायचा, परत येताना विमानात नाही.

बाकी व्यवहार म्हणाल तर रियाल 1986 पासून डॉलरला 3.75 वर बांधलेला आहे, त्यामुळे कोटेशन रियालमध्ये द्या की डॉलरमध्ये, चिंता रुपयाचीच. व्हॅट 2018 ला 5 टक्के होता, जुलै 2020 ला थेट 15. माल पाठवण्याआधी सेबर या पोर्टलवर प्रॉडक्टची नोंदणी आणि सर्टिफिकेट बघावं लागतं, नाहीतर कंटेनर बंदरात आणि तुम्ही फोनवर. आणि पहिला व्यवहार एलसीवरच, म्हणजे पैशाची हमी बँकेची. कुणी कितीही 'माय ब्रदर' म्हणालं तरी एलसीवरच.

फ्लँज
हिशेबनीस यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी जुबैलमध्ये मेंटेनन्सला आहे, तेरा वर्षं झाली. साहेब, वॉल्व विकायचेत तर रियाधात काय करताय? तिथं फंडवाले, सल्लागार आणि मंत्रालयं. आरामको धाहरानला, रिफायनऱ्या नि पेट्रोकेमिकल जुबैलला, ट्रेडर आणि स्टॉकिस्ट दम्मामला. आमच्याकडं शटडाऊन लागला, म्हणजे प्लांट दुरुस्तीला बंद झाला, की 2 इंची गेट वॉल्वसाठी रात्री अकराला दम्मामच्या गोदामवाल्याला उठवतो. तुमचं खरं गिऱ्हाईक तो गोदामवाला आहे, तो कधी समिटला जात नाही, त्याला वेळ नाही.

एक मार्ग सांगतो. समिटला या, व्हिसाला कारण मिळेल. दोन दिवस बघा आणि तिसऱ्या दिवशी रेल्वेनं दम्मामला या, चार-साडेचार तास लागतात. रियाध-दम्माम रेल्वे 1951 पासून आहे बरं, व्हिजन बिजनच्या आधीची. बॅगेत कॅटलॉग कमी आणि वॉल्व जास्त आणा.

सुगरण
मी धंद्यातली नाही पण एक महत्त्वाचं. दिवाळीनंतर जाणार म्हणालात. फराळ न्यायचा असेल तर अनारसे नेऊ नका!!! खसखस म्हणजे अफूचं बी, सौदीत बंदी आहे. माझे दीर दम्मामला असताना सासूबाईंनी हट्टानं डबा भरून दिला. दिरांना विमानाच्या आदल्या रात्री कुणीतरी फोनवर सांगितलं. मग रात्री साडेअकराला डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून सुरीनं एकेका अनारशावरची खसखस खरवडत बसले. चार अनारसे झाले तेव्हा कळलं की जाळीत बसलेली निघत नाही. डबा घरीच राहिला, आम्ही आठवडाभर खात होतो. नेहमीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरची चिठ्ठी न विसरता ठेवा, काही औषधांना आधी परवानगी लागते.

टवाळ
लेथ घ्या आणि अनारसे घरीच खा. माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

झडपकर
सगळ्यांचे आभार. खसखशीचं खरंच माहीत नव्हतं, आईनं अनारशाचं पीठ करून ठेवलंय. हिशेबनीस यांचा प्रतिसाद दोनदा वाचला, झोप उडाली. फ्लँज यांनी सुचवलेलं आवडलंय. काही बारीकसारीक प्रश्न: व्हिसा बिझनेसचाच घ्यायचा ना? विमानतळावरून टॅक्सी महाग पडते का? आणि तिथं भेटीत गावठीपणा होऊ नये म्हणून काय पाळायचं?

वाळूतला उंट
व्हिसा बिझनेसचाच. त्याला तिकडच्या यजमानाचं निमंत्रण लागतं, ते डेलिगेशनवाले देतील म्हणतात तर देऊ देत, पण कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.

टॅक्सी विसरा, मेट्रो घ्या. 2024 च्या डिसेंबरात सुरू झाली, सहा लाईन, 176 किलोमीटर, ड्रायव्हर नाही. 4 रियालचं तिकीट दोन तास चालतं. विमानतळावरून पिवळी लाईन थेट फायनान्शियल डिस्ट्रिक्टला जाते. पंचवीस वर्षं या गावात सत्तर वर्षांचा म्हातारासुद्धा कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीनं जाताना बघितलाय, आता तोच म्हातारा मेट्रोत नातवाला खिडकीपाशी उभा करतो. गंमत म्हणजे हॉटेलांची दोन दारं गेली पण मेट्रोच्या डब्यात फर्स्ट, फॅमिली आणि सिंगल्स असे भाग आहेतच. एकटे असाल तर फॅमिलीत घुसू नका.

भेटीत गहवा येतो. आपली कॉफी समजू नका, फिकट पिवळसर, वेलदोड्याची, बिनसाखरेची, सोबत खजूर. कप उजव्या हातात घ्यायचा. तळाशी घोटभरच ओततात आणि संपला की परत ओततात. पुरे म्हणायचं तर कप हातातल्या हातात थोडा हलवून परत द्यायचा. तोंडानं नको नको म्हणत बसलात आणि कप स्थिर धरलात तर ओततच राहतील. आणि गुरुवारी दुपारनंतर कुणाला भेटायचं ठरवू नका, आठवडा रविवारी सुरू होतो नि गुरुवारी संपतो.

स्टॉलवाला
सगळे स्टेज आणि बॅजबद्दल बोलतायत म्हणून लिहितो. मी एक्झिबिशनचे स्टॉल उभारणाऱ्या कंपनीत सहा वर्षं होतो, आखातात सगळीकडं, रियाधातही. समिट सकाळी नऊला सुरू होते ना, तिची आदली रात्र बघायला हवी. पहाटे तीनला हॉलमध्ये दोन-तीनशे माणसं, बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, आपले यूपी-बिहारचे, कुणी गालिच्यावरचं प्लॅस्टिक सोलतोय, कुणी 'द फ्युचर' लिहिलेल्या भिंतीच्या मागं लाकडी टेकू मारतोय. पुढून ती भिंत संगमरवरी दिसते, मागून बघाल तर प्लाय आणि सेलोटेप. पाच वाजता झाडू, सहाला बस, आणि साडेआठला पहिली मर्सिडीज येते तेव्हा त्यातला एक माणूस दिसत नाही.

2022 च्या जनगणनेत सौदीत 3.22 कोटी लोक निघाले आणि त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त परदेशी. 2021 ला कामगार कायद्यात सुधारणा झाली, वर्षभर काम केलं की कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, संमतीशिवाय नोकरी बदलता येते, पण घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले. माझ्याबरोबरच्या एका सुताराला हे नियम कळले ते तिसऱ्या वर्षी. बदल होतोय हे खरंय, पण तो खालपर्यंत झिरपायला वेळ घेतो आणि तोवर माणसाचा करार संपतो.

खडूस
या प्रतिसादासाठी धागा सार्थकी लागला.

वाळूतला उंट
स्टॉलवाला यांचं पटलं. मी वर बॉसच्या गोष्टी सांगत बसलो, आमच्या ऑफिसात चहा देणारा माणूस 2004 पासून तोच आहे हे लिहायचं राहिलं.

बायोमेट्रिक
पुढं काय झालं? गेले का झडपकर?

टवाळ
लेथवर असतील.

झडपकर
(धागा वर काढतोय, पाच आठवडे झाले.) जाऊन आलो.

समिटबद्दल थोडक्यात. पहिल्या दिवशी तीन चर्चासत्रं ऐकली, तिन्हींत 'इकोसिस्टिम' हा शब्द इतक्या वेळा आला की मोजणं सोडलं. हिशेबनीस, तुम्ही म्हणालात तसंच, ज्यानं ज्यानं माझा बॅज बघून हात मिळवला त्याचा दुसरा प्रश्न 'इथं प्लांट टाकणार का' हाच. बेचाळीस माणसं म्हटल्यावर हात आपोआप सुटायचा, हसतमुखानं पण सुटायचा. आमच्या डेलिगेशनचे बाकी लोक फोटो काढण्यात खूश होते. ज्या एजंटनं 'आधीच ठरवलेल्या बारा मीटिंग' कबूल केल्या होत्या त्यातली एक झाली, आणि ती डेलिगेशनमधल्याच दुसऱ्या सदस्याबरोबर. जास्त बोलत नाही.

मी बॅगेत 1 इंची बॉल वॉल्व नेला होता (फ्लँज यांच्या सल्ल्यानं, सिक्युरिटीवाल्यांनी तो चार वेळा उलटासुलटा करून बघितला). दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी हॉलच्या मागच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलो होतो, वॉल्व मांडीवर. तिथं मेंटेनन्सच्या युनिफॉर्ममधला एक माणूस आला, गोरखपूरचा, नऊ वर्षं तिथं. तीन दिवसांत वॉल्व स्वतःहून हातात घेणारा एवढा एकच. हँडल दोनदा फिरवलं आणि म्हणाला, 'साहब, भारी चल रहा है. चिलर की लाइन में सीढ़ी पे खड़े होके एक हाथ से खोलना पड़ता है.' मी म्हटलं नवा आहे, वापरून मोकळा होईल. तो म्हणाला होईल, पण विकत घेणारा दुकानात फिरवून बघतो, शिडीवर नाही. स्टॉलवाला, तुमचा प्रतिसाद डोक्यात होता म्हणून लिहितो, त्याच्याबरोबर पंचवीस मिनिटं बसलो, त्यालाच तेवढी सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी समारोपाला न थांबता रेल्वेनं दम्माम. खिडकीतून चार तास वाळू, मध्येच उंट (खरे). फ्लँज स्टेशनवर आले होते, त्यांचे उपकार कसे फेडू. दोन गोदामवाल्यांकडं नेलं. पहिल्यानं गहवा ओतला, आणि मंडळी, कप हलवायचं मी साफ विसरलो. सात कप. आठव्याला फ्लँज यांनी माझं मनगट धरून हलवलं तेव्हा सगळं गोदाम हसलं, आणि त्यानंतर बोलणं जे सुरू झालं ते दोन तास. ऑर्डर नाही मिळालेली. पण चाळीस नगांचं कोटेशन मागितलंय, सेबरचं आधी करून घ्या म्हणाला, आणि पुन्हा कधी येताय असं दोनदा विचारलं. कावेरीताई, तुमचं वाक्य आठवलं. मार्चमध्ये जातोय, समिट नाही, डेलिगेशन नाही, फक्त दम्माम.

हिशेबनीस
एलसी.

झडपकर
हो हो, एलसी.

सुगरण
अनारसे नेले नाहीत ना?

झडपकर
नाही नेले. आईनं खसखशीऐवजी तीळ लावून दिले होते. फ्लँज यांनी स्टेशनवरच डबा उघडला.

फ्लँज
तिळाचा अनारसा चांगला लागतो. कुणाला सांगू नका.

टवाळ
सगळं ठीक, पण लेथचं काय झालं?

झडपकर
लेथ पुढच्या दिवाळीला. सध्या रोज संध्याकाळी असेंब्लीवर उभा राहून बघतोय, पोरं ग्लँड नट, म्हणजे हँडलच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणारा नट, जरा जास्तच आवळतात. कालपासून टॉर्क रेंच दिलाय हातात, किती आवळलं ते मोजणारा पाना. आज वीस वॉल्व डाव्या हातानं फिरवून बघितले, स्टुलावर उभं राहून. सतरा चालले.